पॉवर स्टेरिंगची एअर काढली तरी परत परत धरतेय? आधी हवा कुठनं शिरते ते शोधा

आमच्याकडं दोन जुन्या सात सीटर डिझेल गाड्या आहेत, अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशी देवदर्शनाची भाडी मारतो. दोन्हींना तेलावर चालणारं पॉवर स्टेरिंग आहे, आणि या दोन गाड्या धरून भावकीतल्या, मित्रांच्या अशा बऱ्याच गाड्यांचं एकच दुखणं मी परत परत काढलंय, ते म्हणजे स्टेरिंगमध्ये एअर धरणे. एअर काढायला तसं कुणालाही जमतं, अवघड काय नाही त्यात. पण आठ-दहा दिवस गेले की परत घूं घूं सुरू, परत एअर काढा, परत तेच. ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी लक्षणं बघा. सकाळी गाडी पहिल्यांदा चालू करून स्टेरिंग फिरवलं की पंपाकडनं घूं... असा रडल्यासारखा आवाज येतो, रेस दिली की तो आवाज पण वर चढतो आणि गाडी तापल्यावर कमी होतो. रिव्हर्स घेताना किंवा जागेवर वळवताना स्टेरिंग एकसारखं फिरत नाही, मधेच हलकं मधेच जड, हाताला झटके बसल्यासारखं वाटतं. स्टेरिंग तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं तर तेलावर फेस असतो किंवा तेल स्वच्छ लाल दिसायच्या ऐवजी गुलाबी, दुधाळ दिसतं, कारण त्यात बारीक बारीक बुडबुडे मिसळलेले असतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे इंजिन चालू असताना टाकीतली लेव्हल बघायची, मग इंजिन बंद करून लगेच परत बघायची. लेव्हल वर आली तर आत एअर आहे, कारण चालू असताना दाबानं चेपलेली हवा बंद केल्यावर फुगते आणि तेल वर ढकलते. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकात ५ मिलिमीटरपर्यंतची वाढ चालते असं दिलेलं असतं, त्याच्यावर गेली की एअर आहे असं समजायचं.

ही एअर आवाजापुरतीच असती तर गोष्ट वेगळी होती. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून स्टेरिंग झटके देतं हे एक. दुसरं म्हणजे पंपाच्या आतल्या पात्यांना वंगण याच तेलाचं असतं, फेसाळ तेल गेलं की पाती कोरडी घासतात. आवाज येतोय पण स्टेरिंग फिरतंय की, असं म्हणत लोक महिनोन्महिने चालवतात आणि मग चांगला पंप खराब होतो. म्हणून आवाज आला त्याच आठवड्यात बघा, पुढं ढकलू नका.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिलं, तुमच्या गाडीला तेलाचं स्टेरिंग आहे का ते बघा. स्विफ्ट, वॅगनआर, ग्रँड आय-टेन अशा गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टेरिंग असतं, त्यात तेल नसतं, टाकी नसते, एअर धरायचा प्रश्नच नाही. शेजारचे एक काका तेलाचा डबा घेऊनच आले होते, बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा पटलं. तिथं स्टेरिंग जड झालं, डॅशबोर्डवर स्टेरिंगचा दिवा लागला तर ते बॅटरी, वायरिंग, मोटर, सेन्सरचं काम आहे, घरी हात घालू नका.

दुसरं, पुढच्या टायरची हवा. हसण्यावारी नेऊ नका, जड स्टेरिंग म्हणून माझ्याकडं आलेल्या गाड्यांत निव्वळ हवा कमी असलेल्या पण निघाल्यात. पेट्रोल पंपावर दोन मिनिटं लागतात.

तिसरं, तेलाची लेव्हल आणि तेलाचा रंग. टाकीवर किंवा झाकणाच्या काडीवर गार आणि गरम अशा दोन खुणा असतात, गाडी गार असेल तर गारची खूण बघायची. लेव्हल खाली गेली की टाकीतनं पंपाला जाणाऱ्या पाईपाचं तोंड उघडं पडतं आणि पंप तेलाबरोबर हवा ओढतो, म्हणजे एअर का धरली याचं उत्तर तिथंच मिळतं. पण तेल कमी झालं म्हणजे कुठंतरी गेलंय, ते काय पेट्रोलसारखं जळून जात नाही, त्यामुळं नुसतं भरून गप्प बसू नका, गळती शोधा. जास्त पण भरू नका, तापलं की फुगून झाकणातनं बाहेर येतं, बेल्टवर सांडतं आणि नवीन दुखणं चालू होतं.

तेल कुठलं भरायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांना डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, पण होंडाचं तेल वेगळं, काही जर्मन गाड्यांचं हिरवं असतं, ही एकात एक मिसळायची नाहीत. आणि हात जोडून सांगतो, ब्रेक ऑइल स्टेरिंगच्या टाकीत घालू नका. माझ्या चुलतभावानं रात्रीच्या वेळी मोहोळजवळ तेल कमी दिसलं म्हणून गाडीत होतं ते ब्रेक ऑइल ओतलं. त्या तेलानं आतली रबरी सीलं फुगतात, मऊ पडतात. महिन्याभरात त्याचा रॅक (पुढची चाकं वळवणारा स्टेरिंगचा भाग) दोन्ही बाजूनी गळायला लागला, मग रॅक आणि पंप दोन्ही उतरवून सगळी सीलं बदलावी लागली. चुकून घातलंच असेल तर गाडी चालूच करू नका, तशीच टोचन करून गॅरेजला न्या.

चौथं, बेल्ट. फुल लॉकला, म्हणजे स्टेरिंग पार टोकापर्यंत नेल्यावर कुईं असा चिरका आवाज येत असेल तर तो एअरचा नाही, बेल्ट घसरतोय. एअरचा आवाज जाड, घुमणारा असतो, बेल्टचा कानात घुसतो. इंजिन बंद करून बेल्ट अंगठ्यानं दाबून बघा, किती दबला पाहिजे ते गाडीप्रमाणं बदलतं, पण नुसता लोंबत असेल, कडा उसवल्या असतील, आतनं चकचकीत झाला असेल तर आधी तो बदला. नाहीतर तुम्ही एअर काढत बसाल आणि आवाज तसाच.

आता खरं दुखणं: सक्शन पाईप

तेल कुठंच सांडत नाही, खाली ठिपका नाही, लेव्हल पण फारशी उतरत नाही आणि तरी एअर धरतेय, अशी गाडी असेल तर इथं नीट लक्ष द्या. एका मे महिन्यात आमच्या मोठ्या गाडीची एअर मी चार वेळा काढली. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो, बॉनेटखाली तर भट्टीच, मला वाटलं गरमीनं होत असेल. मग एका गॅरेजवाल्यानं पंप गेलाय म्हणून सांगितलं, पंप बदलला, चांगला खर्च झाला, आणि पंधराव्या दिवशी सोलापूरच्या आसरा चौकात वळताना परत तोच आवाज. त्या दिवशी गाडी बाजूला लावून मी नुसता बसून राहिलो.

आमच्या ओळखीत एक काका आहेत, एसटीत फिटर म्हणून उभी हयात गेली त्यांची. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी विचारलं, तेल सांडतंय का रे? म्हटलं, नाही काका, थेंब पण नाही. तर म्हणाले, मग पोरा, तेल बाहेर येत नाही पण हवा आत जाती की, ती कुठनं जाती ते बघ आधी. आणि टाकीपासनं पंपाला जाणारा तो जाड, आखूड पाईप हातानं वाकवून दाखवला. वरनं चांगला दिसत होता, पण क्लिपच्या खाली, जिथं रबर नळीवर बसतं, तिथं बारीक बारीक चिरा पडलेल्या आणि रबर लाकडासारखं कडक झालेलं.

सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे. पंपाच्या पुढचा पाईप प्रेशरचा असतो, तिथं भोक पडलं तर तेल बाहेर उडतं, लगेच दिसतं. टाकी ते पंप हा पाईप ओढण्याचा, तिथं पंप चालू असताना दाब नसतो, उलट ओढ असते, म्हणून चिरेतनं तेल बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची हवा आत जाते. खाली फरशी कोरडी, आणि टाकीत फेस. त्यामुळं गळती नाही म्हणून पाईप चांगला आहे असं कधीच धरू नका.

तपासायचं कसं, तर इंजिन बंद, गार. दोन्ही टोकांच्या क्लिपा बघा, गंजल्यात का, सैल आहेत का, तिरक्या बसल्यात का. आधी स्क्रूची क्लिप असेल तर थोडी आवळून बघा, जीव लावून नको, नाहीतर प्लॅस्टिकचं नाकच मोडतं टाकीचं. मग पाईप बोटांनी दाबा, वाकवा, चिरा दिसतात का, कडकड वाजतो का. अजून शंका असेल तर दोन्ही जोडांवर बाहेरनं घट्ट ग्रीस भरून थापा, हात आणि फडकं बाजूला घ्या, मग इंजिन चालू करा. आवाज थोड्या वेळापुरता कमी झाला किंवा फेस थांबला तर चोर सापडला, कारण ग्रीसनं ती चीर बुजली. इंजिन चालू असताना मात्र तिथं हात घालायचा नाही, बेल्ट आणि पंखा बाजूलाच असतो, बाही किंवा गळ्यातला गमछा अडकायला वेळ लागत नाही.

पाईप बदलताना तेलाचाच पाईप मागा, मापात. पाण्याचा किंवा कूलरचा पाईप कापून लावलेला मी दोन गाड्यांत बघितलाय, तो तेलानं फुगतो आणि तापला की ओढीनं चपटा होतो, म्हणजे पंपाला तेलच मिळत नाही. क्लिपा नवीन टाका, चहा-नाश्त्याच्या पैशात येतात.

पंपाच्या तोंडाला जिथं हा पाईप बसतो तिथं बऱ्याच गाड्यांत एक छोटी नळी दोन बोल्टनी लावलेली असते आणि तिच्या खाली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी असते. ही ओ-रिंग म्हणजे दुसरा मोठा चोर. वर्षानुवर्षं तापून तिचा गोलपणा जातो, चपटी आणि कडक होते, सकाळी गार असताना नीट बसत नाही म्हणून आवाज येतो आणि तापल्यावर थोडी मऊ पडून बसते म्हणून आवाज जातो. जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात पहाटे पाचला अक्कलकोटला निघताना आवाज आणि वळसंगपर्यंत गेलं की सगळं शांत, अशी गाडी आली की मी आधी हीच बघतो. ओ-रिंग मापाचीच घ्या, जुनी सोबत घेऊन दुकानात जा, बसवताना तेच तेल बोटानं लावा.

टाकीच्या तळाला बारीक जाळी असते, ती विसरू नका. काळं, घाण तेल वर्षानुवर्षं तसंच ठेवलं की जाळी चोंदते, पंप उपाशी राहतो आणि एअर नसताना पण अगदी एअरसारखाच आवाज काढतो. काही टाक्यांची जाळी धुता येते, काहींची टाकीच बदलावी लागते. तेल काळं असेल तर मोठ्या सीरिंजनं टाकीतलं ओढून काढा, नवीन भरा, दोन-चार दिवस गाडी चालवा, परत तेच, असं तीन-चार वेळा केलं की बरंचसं तेल बदलून निघतं आणि काही उघडावं लागत नाही.

एअर काढायची पद्धत

वरचं सगळं झाल्यावर, हवेची वाट बुजवल्यावरच हे करा. आधी केलं तर फुकट श्रम.

सपाट जागा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाकं जॅकनं उचलून खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नका. चाकं उचलायची ती एवढ्यासाठी की फिरवायला जोर लागत नाही, पंपावर ताण येत नाही आणि तेल हळू सरकतं.

चावी फिरवून स्टेरिंगचं लॉक सोडा, पण इंजिन चालू करायचं नाही. टाकी खुणेपर्यंत भरा आणि स्टेरिंग एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, वीस-पंचवीस वेळा. एक माणूस फिरवायला, एक टाकीवर लक्ष ठेवायला. बुडबुडे वर येतील, लेव्हल उतरेल, उतरली की लगेच भरा, तळ दिसू द्यायचा नाही, एकदा तळ दिसला की पहिल्यापासनं सुरू. इथं बहुतेक जण घाई करतात, सरळ इंजिन चालू करून गरागरा फिरवतात. इंजिन बंद असताना हवेचे मोठे बुडबुडे असतात, रॅकमधला पिस्टन त्यांना रिटर्न पाईपनं टाकीत ढकलतो आणि ते आपोआप वर येऊन फुटतात. पंप चालू केला की तो त्याच हवेला घुसळून ताकासारखा बारीक फेस करतो, आणि बारीक फेस लवकर वर येत नाही. म्हणून बंद इंजिनवर जितका वेळ द्याल तितकं पुढं सोपं.

बुडबुडे थांबले की दहा-पंधरा मिनिटं गाडी तशीच सोडा. मग इंजिन चालू करा, रेस द्यायची नाही, आयडलवरच. परत हळू हळू या टोकाहून त्या टोकाला, टोकाला टेकलं की दोन-तीन सेकंदांच्या आत परत फिरा. फुल लॉकला धरून ठेवलं की पंपाचा सगळा दाब आतल्या रिलीफ व्हॉल्व्हवर येतो, तेल झपाट्यानं तापतं आणि पंपाचं नुकसान होतं, हे रोज चालवताना पण लक्षात ठेवा. फेस दिसला तर इंजिन बंद, अर्धा तास थांबा, परत करा. दोन-तीन फेऱ्यांत तेल स्वच्छ लाल दिसायला लागतं. मग गाडी खाली उतरवा, चाकं जमिनीवर असताना एकदा फिरवून बघा आणि तीच चालू-बंद लेव्हलची परीक्षा परत घ्या.

ट्रक, टेम्पो अशा मोठ्या गाड्यांत काहींना स्टेरिंगच्या गिअरबॉक्सवर एअर काढायचा स्क्रू असतो, तिथं त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणंच जा, हे वरचं छोट्या गाड्यांचं आहे.

इथं थांबा, मिस्त्रीकडं जा

प्रेशरचा पाईप ओला दिसला तर हात लावू नका. इंजिन चालू असताना त्या पाईपात शेकडो नाही तर हजार पीएसआयच्या पुढं दाब जातो, सुईएवढ्या भोकातनं येणारी धार कातडीतनं आत शिरते, आणि वरनं नुसती टोचल्यासारखी दिसली तरी ती जखम लगेच दवाखान्यात न्यायची असते. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा धरायचा, आणि तो पाईप तात्पुरता क्लिप किंवा टेप लावून चालवायचा नाही, नवीनच घालायचा.

तेलात चमकणारी धातूची चुरी दिसली तर पंप आतनं झिजलाय, ती चुरी आता रॅकमध्ये पण जातेय, गाडी उभी करा. पंपाच्या पुलीच्या मागं तेल उडालेलं दिसलं तर शाफ्टचं सील गेलंय, तिथनं हवा पण शिरू शकते, ते पंप उतरवून करायचं काम आहे. चाकाकडच्या रबरी भात्यात तेल साचलं असेल तर रॅकची सीलं गेली. स्टेरिंग एकाच बाजूला जड असेल, मोकळा खेळ वाढला असेल, खड्ड्यात खटखट वाजत असेल, गाडी कुठं ठोकलेली असेल, तर तो एअरचा विषय राहिला नाही, स्टेरिंगच्या जोडण्या कुणीतरी लिफ्टवर नीट बघायला पाहिजेत. आणि सक्शन पाईप, क्लिपा, ओ-रिंग, जाळी सगळं करून दोनदा एअर काढली, तरी आठवड्यात परत धरली, तर तिसऱ्यांदा तुम्ही काढू नका. मिस्त्रीकडं प्रेशर गेज असेल तर पंप किती दाब करतोय ते लगेच कळतं, उगीच अंदाजानं महागडे पार्ट बदलायला लागत नाहीत.

रस्त्यात मधेच स्टेरिंग जड झालं, तर घाबरून इंजिन बंद करू नका. पंपाची मदत गेली तरी चाकं स्टेरिंगला जोडलेलीच असतात, जोर जास्त लागतो एवढंच. वेग कमी करा, दोन्ही हातांनी धरा, डावीकडं घेऊन थांबा. बेल्ट तुटला असेल तर त्याच बेल्टवर बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर पण असतो, तेव्हा तापमानाचा काटा आणि बॅटरीचा दिवा बघितल्याशिवाय पुढं एक किलोमीटर पण जाऊ नका.

निघालेलं जुनं तेल गटारीत किंवा झाडाखाली ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडं द्या, त्यांच्याकडं जळकं ऑइल नेणारे येतात.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना लेव्हल बघायची, मग आठ दिवसांनी, मग महिन्यानं. मी टाकीवर मार्कर पेननं रेघ मारतो आणि बाजूला तारीख टाकतो, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी कळतं. काकांनी पाईप बदलून दिल्यावर मोठ्या गाडीच्या टाकीवर मारलेली रेघ अजून तीच आहे, तेल तिच्या खाली गेलेलं नाही.